काटाबाबू निघाले आहेत

काटाबाबूंच्या घरी लग्नाची पत्रिका द्यायला गेलात, तर ते चष्मा लावून तारीख पाहतात, मंगल कार्यालय कोणतं ते पाहतात, पत्रिका काकूंच्या हातात देतात आणि म्हणतात, "तोवर इथं असलो तं नक्की येऊ." तारीख परवाची असली तरी हेच म्हणतात.

उमरेडमध्ये आता प्रत्येक गल्लीत असा एक तरी निघालेला माणूस आहे. मुलं इथल्या शाळेत शिकली, कॉलेजला नागपूरला गेली, नोकरीला पुण्याला किंवा त्याच्याही पुढे. मग एका दिवाळीत मुलगा म्हणतो, "बाबा, आता तुम्ही दोघं इकडेच या." त्या दिवशी बाप मनानं निघतो. पुढे आठ-दहा वर्षं तो निघालेलाच असतो. गाव सोडत नाही आणि गावात आहे असंही म्हणू देत नाही.

काटाबाबू हे त्यांचं खरं नाव नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उमरेड खाणीत ते आयुष्यभर काट्यावर होते. रिकामा ट्रक आला की काट्यावर घ्यायचा, वजन लिहायचं. भरून परत आला की पुन्हा घ्यायचं, पुन्हा लिहायचं. मोठ्यातून लहान वजा करायचं, राहिला तो कोळसा. ग्रॉस, टेअर, नेट. निवृत्तीनंतर ट्रक सुटले, वजाबाकी सुटली नाही. बाजारात वांगी घेताना ते देठाचं वजन मनात वजा करतात. पाहुण्यांच्या कौतुकातून पाहुण्यांचा स्वभाव वजा करतात. "नेट काय राह्यलं ते पाहा ना सर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी शाळेत शिकवायचो म्हणून मी सर. ते वयानं मोठे म्हणून बाबूजी.

मुलांकडे कुठे जायचं हे ठरवण्यासाठी त्यांनी एक रजिस्टर घातलं आहे. लाल कापडी पाठीचं, उभं. एका गावाला एक पान. पानावर डावीकडे ग्रॉस, म्हणजे त्या गावी गेलं तर काय काय मिळेल. उजवीकडे टेअर, म्हणजे काय काय जाईल. दवाखाना, पाणी, हवा, देऊळ, पायी फिरायला जागा, बोलायला माणूस असे रकाने आहेत. ‘घरातील वातावरण’ असाही एक रकाना आहे आणि तो एकटाच पेन्सिलीनं भरलेला आहे. मी कारण विचारलं, तर आवाज खाली आणून म्हणाले, "सूनबाई दिवाळीत येतात. रजिस्टर हाती लागलं तं पुसता आलं पाह्यजे."

या निघण्याचा पहिला फटका बसला तो घराला. घराला रंग नाही, कारण आता किती दिवस राहायचंय इथं. स्लॅब एका कोपऱ्यात गळतो. खाली पातेलं ठेवलेलं आहे आणि त्या पातेल्याची जागा आता मोलकरणीलाही पाठ आहे. मिक्सरचं झाकण चार वर्षांपूर्वी तुटलं. काकू एका हातानं ताटली दाबून धरतात आणि दुसऱ्या हातानं बटण फिरवतात. नवा मिक्सर घेतला आणि पुण्यात सुनेकडे आधीचा असला तर? एक दाढ हलते, पण ती कोणत्या गावी काढायची हे ठरलेलं नाही. डोळ्यात मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले पिकू द्या, आणि हा एकच सल्ला काटाबाबूंनी आयुष्यात मनापासून पाळला. वर्तमानपत्राची वर्षाची वर्गणी भरली तर कुकर मिळत होता. त्यांनी महिन्याचीच भरली. काकू कुकरबद्दल अजून बोलतात.

पुण्याचं पान सर्वांत जास्त भरलेलं आहे. थोरला हिंजवडीत नोकरीला, राहायला वाकडला, अकराव्या मजल्यावर. काटाबाबू तिथे राहून आले आहेत. आले ते थेट माझ्याकडे, रजिस्टर काखेत घेऊन.

"सर, घर चांगलं आहे. पोट्टा चांगला आहे. सून तं लाखात एक आहे. नातू आपल्याशी मराठीत बोलते. ग्रॉस लय आहे, सर."

"मग बाबूजी, झालं तर."

"टेअर ऐका ना जी."

टेअर बराच वेळ चालला. सोसायटीत पाणी टँकरचं. इथे अंगणात विहीर, उन्हाळ्यातही हाताला पाणी लागतं. खाली फिरायला बाग आहे, पण बागेत फिरणारे सगळे कानात काहीतरी घालून फिरतात, नमस्कार केला तर दचकतात. धूळ सहन होत नाही. (खुल्या कोळसा खाणीच्या कडेला सगळी नोकरी काढलेला हा माणूस. उन्हाळ्यात त्यांच्या रुमालावरून त्या दिवशीचा वारा कुठला होता ते कळायचं.) भाजीत तिखट नाही. यावर सूनबाईंनी बिचारीनं भिवापुरी मिरची मागवून ठेवली होती, तर म्हणाले, मिरची आहे पण हात नाही.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा कूलरचा. विदर्भातल्या माणसाला उन्हाळा पारा पाहून कळत नाही, कूलर बाहेर काढल्यावर कळतो. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, टाकीतला गाळ काढायचा, पंप चालतो का पाहायचा, मग पहिला ओला झोत तोंडावर घ्यायचा. काटाबाबूंनी आपला लोखंडी कूलर पुण्याला न्यायचा बेत केला होता. मुलगा म्हणाला, "बाबा, पुण्यात कूलर लागत नाही."

"नाही लागत? मंग मे महिना आला हे समजते कसं?"

मुलाकडे उत्तर नव्हतं. टेअरमध्ये ‘उन्हाळा नाही’ अशी नोंद झाली. मी नम्रपणे म्हटलं की बाबूजी, हे डावीकडे यायला हवं. पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा तुम्हीच जिवाला शिव्या देता. ते म्हणाले, "शिव्या देतो ना. पण कोनाला तरी देतो."

त्यातच थोरल्यानं नोकरी बदलली आणि तो बंगळूरला गेला. काटाबाबूंचा पुरता हिरमोड झाला, कारण पुण्याच्या पानाची बेरीज होत आली होती. नवं पान घातलं. भाषा: कन्नड. हवा: उत्तम (यालाही ते टेअर समजतात). भाडं: महामंडळाची गाडी तिथवर पोचवत नाही. ही शेवटची बाब त्यांना फार लागली. एसटीनं ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना राज्यात फुकट प्रवास दिलेला आहे. 65 ते 75 वाल्यांना अर्धं तिकीट. काटाबाबू सध्या अर्ध्यात आहेत. त्यांचा हिशेब असा की पंच्याहत्तरीपर्यंत थांबलं तर अख्ख्या स्थलांतराला दमडी लागणार नाही, आणि ज्या गावाला फुकट जाता येत नाही तिथे राहायला जाण्यात शहाणपण काय? वर्षा-दीड वर्षात थोरला पुण्यात परतला. बंगळूरचं पान वाया गेलं. फाडता येत नाही, पानांवर नंबर आहेत.

मला यात मुलांचाही एक दोष दिसतो, आणि तो त्यांना कुणी सांगत नाही. "आमच्याकडे या" म्हणताना ते एका पत्त्यावर बोलावतात आणि स्वतः त्या पत्त्यावर राहत नाहीत. नोकरी जाईल तिकडे ते जाणार, आणि जावंही. पण सत्तरीच्या माणसानं विहीर, शेजार, उधारीचं दुकान सोडून एका फ्लॅटमध्ये जायचं आणि दोन वर्षांनी मुलानं म्हणायचं, "बाबा, आम्ही नोएडाला शिफ्ट होतोय, तुमचं काय?"

स्थलांतर कसं करावं हे उमरेडकरांना तसं एका वाघानं दाखवून ठेवलं आहे. आमच्या शेजारचं उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य 2012 मध्ये जाहीर झालं आणि 2013 मध्ये नागझिऱ्याहून जय नावाचा तरणा वाघ नद्या, शेतं, हमरस्ते ओलांडत शंभरावर किलोमीटर चालून इथे आला. रजिस्टर न घालता. पुढे त्याच्यामुळे देशभरातून पर्यटक आले, रिसॉर्टं आली, आणि उमरेड म्हणजे कुठे हे पुण्याच्या लोकांना सांगणं सोपं झालं. एप्रिल 2016 नंतर तो कुणाला दिसला नाही. काटाबाबूंना हे उदाहरण दिलं तर ते चिडले. "त्याचं सांगू नका सर. त्याचे बच्चे इथंच राह्यले आन् बाप गेला निघून. आपली केस उलटी आहे."

धाकटा कॅनडात, ब्रॅम्प्टनला. त्या पानावर नुसतं टेअरच असेल असं मला वाटलं होतं. पण काटाबाबूंना कॅनडाचं सरकार आवडतं. तिथे आईवडिलांसाठी सुपर व्हिसा म्हणून प्रकार आहे. एकदा आत गेलं की सलग पाच वर्षंही राहता येतं. त्यासाठी वैद्यकीय तपासणी लागते, किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो, आणि मुलाची कमाई ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त आहे याचा पुरावा लागतो. या शेवटच्या अटीवर काटाबाबू फिदा आहेत.

"नोकरी लागली तवापासून पोट्ट्याला विचारून राह्यलो, पगार किती. ‘पुरतो बाबा’ म्हणते. आईनं विचारलं, ‘पुरतो आई.’ शेवटी कॅनडाच्या सरकारनं विचारलं. आला ना कागद!"

कागद आला, पण विम्याचा हप्ता पाहून ते गप्प झाले. रुपयात आकडा काढला आणि त्या पैशात उमरेडला किती वर्षं किराणा भरता येईल याचा हिशेब मला बसच्या तिकिटामागे दाखवला. बर्फाचं त्यांना काही वाटत नाही. "घरात गरम असते म्हणे. मंग बाहेर जायचं काम काय?" काकू तिथूनच म्हणाल्या, "जसे इथं बाहेर जाऊन दिवे लावून राह्यले."

पुण्याबद्दल ‘नाही’ असं ते कधीच म्हणाले नाहीत. त्यांना फक्त एखादी गोष्ट आधी होऊन जायला हवी असते. 1908 पासून नागपूर–नागभीड छोटी रेल्वे उमरेडवरून धावायची. ब्रॉडगेज करायला म्हणून ती नोव्हेंबर 2019 मध्ये बंद झाली. काटाबाबू म्हणाले, ब्रॉडगेज होऊ द्या, घरासमोरून सामान चढवू. मग समृद्धी महामार्ग पूर्ण होऊ द्या असं ठरलं. तो जून 2025 मध्ये 701 किलोमीटर पुरा झाला आणि काटाबाबूंना आठवलं की त्यांना गाडी चालवता येत नाही. ऑगस्टमध्ये अजनी–पुणे वंदे भारत सुरू झाली, 881 किलोमीटर, 12 तास, सकाळी बसा आणि रात्री पुण्यात उतरा. मी अभिनंदन करायला गेलो. ते खिन्न होते. म्हणाले, "आता कारण राह्यलं नाही हो." दुसऱ्या दिवशी मात्र टवटवीत दिसले. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून थांबवली आहे, हे त्यांना रात्री आठवलं होतं. ती परत सुरू होईस्तोवर थांबणं रास्त होतं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. काटाबाबूंना मुलगीही आहे. ती थोरल्याच्या मागची, बँकेत आहे, नवऱ्यासह नागपूरला दिघोरीत राहते, म्हणजे थेट उमरेड रोडवरच. इथून एसटीनं तासाभराचा रस्ता. दर दुसऱ्या रविवारी येते. बाबांच्या बीपीच्या गोळ्या तीच आणते, आईचा गुडघा तीच दाखवून आणते, गॅसचं केवायसी, विजेचं बिल, पेन्शनसाठी हयातीचा दाखला हे सगळं तिच्या मोबाइलवर होतं. दाखल्यासाठी नोव्हेंबरात उमरेडला असणं आवश्यक आहे, असा पुण्याच्या पानावर एक मुद्दा होता. तिनं बाबांना भिंतीशी उभं केलं, त्यांचा चेहरा मोबाइलला दाखवला आणि दोन मिनिटांत मुद्दा संपवला. बाबा आठवडाभर तिच्याशी नीट बोलले नाहीत.

रजिस्टरमध्ये दिघोरीचं पान नव्हतं.

मी एकदा विचारलंच. काटाबाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सातवीच्या पोरानं सरांना काही भलतंच विचारलं. "पोरीच्या घरी राहायचं? जावयाच्या घरी? लोक काय म्हनतीन?" मग पुरावा म्हणून ‘नटसम्राट’ काढलं. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकानं मराठी आईबापांना जेवढं घाबरवून ठेवलं आहे तेवढं कोणत्याही रोगानं नसेल. त्यातला बेलवलकर मुलाकडून मुलीकडे जातो आणि मुलीच्याच घरी त्याच्यावर चोरीचा आळ येतो. "पाह्यलं ना? मुलाकडं नुसता अपमान. मुलीकडं डायरेक्ट चोरी." मी म्हटलं, बाबूजी, ते नाटक आहे आणि तुमच्या मुलीनं गेल्या रविवारी तुमची नखं कापली. म्हणाले, "ते जाऊ द्या, ते तं ती करतेच."

ते ती करतेच. रिकाम्या ट्रकचं वजन असतं तसं ते सुरुवातीलाच वजा झालेलं होतं. नेट काढताना तिची आठवण येण्याचं कारणच नव्हतं. काकूंनी आजवर पुण्याबद्दल मत दिलं नाही, कॅनडाबद्दल दिलं नाही. त्या महिन्यातून दोनदा अर्ध्या तिकिटात दिघोरीला जातात, नातीची वेणी घालतात, गोळाभात करून घालतात, रात्री मुक्काम करतात आणि परत येऊन सांगतात, "दवाखान्यात गेली होती." मार्च 2023 मध्ये बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून त्यांचा गुडघा जास्तच दुखतो.

गेल्या पावसाळ्यात स्लॅबखालचं ते पातेलं भरून वाहिलं आणि पहाटे काटाबाबू त्या पाण्यावर घसरले. घोट्याचं हाड मोडलं. काकूंनी तीन फोन केले. कॅनडात आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. धाकट्यानं लगेच व्हिडिओ लावला आणि बाबांना पाय हलवून दाखवायला सांगितलं. थोरला म्हणाला मी निघतोच, आणि खरंच निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, येताना वॉकर घेऊन आला. मुलगी आणि जावई तासाभरात दारात होते. जावयानं सासऱ्याला उचलून गाडीत ठेवलं. सासऱ्यांनी त्याही अवस्थेत "संसाराला लागलेल्या माणसानं इतकं वजन उचलू नये" असं सांगितलं आणि आपलं वजनही सांगितलं.

प्लॅस्टर दीड महिन्याचं. मुक्काम अर्थात दिघोरीला. मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पण दोन घरं सोडून एका बंगल्याचा तळमजला रिकामा होता, तो तिनं आईबाबांसाठी भाड्यानं घेतला. घरात राहायचं नाही ना जावयाच्या? मग हे घर जावयाचं नाही. काटाबाबूंना आक्षेप घ्यायला जागा उरली नाही. त्यांनी उमरेडहून रजिस्टर मागवून घेतलं.

मी भेटायला गेलो तेव्हा पाय उशीवर होता आणि दिघोरीचं पान घातलेलं होतं. डावी बाजू थोडक्यात होती: दवाखाना, नात, पाणी नळाचं, कूलर बसवला. उजवीकडे एकच मुद्दा, मोठ्या अक्षरात: ‘उमरेड फारच जवळ. लोक सारखे भेटायला येतात.’ मी जरा सरकून बसलो. आत नवा मिक्सर चालू होता, झाकणासकट. काकू चटणी करत होत्या आणि मला वाटतं गरजेपेक्षा जास्त वेळ करत होत्या.

"मग ठरलं म्हणायचं, बाबूजी?"

"ठरलं कुठं? हा निर्णय नाही सर, करार आहे. अकरा महिन्यांचा." आणि त्यांनी उशीखालून स्टँपपेपरची प्रत काढून दाखवली. चेहऱ्यावर किती वर्षांनी समाधान होतं. अकरा महिन्यांचा भाडेकरार हा जणू त्यांच्यासाठीच शोधून काढलेला असावा: त्यात माणूस राहतोही आणि निघालेलाही असतो. "पुण्याचं पान बंद नाही केलं. डिसेंबरात निघूही. घरमालकाला आधीच सांगून ठेवतो."

घरमालक त्याच वेळी वरून चहा घेऊन आले. वीज मंडळातून निवृत्त झालेले, शिडशिडीत गृहस्थ. काटाबाबूंनी त्यांना सांगितलं की आम्ही तसे इथं तात्पुरतेच आहोत, तुम्ही आमच्या भरवशावर राहू नका.

"काही हरकत नाही जी," घरमालक म्हणाले. "माझंही इथं काही खरं नाही. मुलगा हैदराबादला आहे, बोलावून राह्यला. हे विकून निघायचंच आहे. वरच्या खोलीला रंगही नाही दिला त्याच्यामुळं."

"कधी निघता?"

"पाहू ना. मेट्रो होऊ द्या इकडं."

काटाबाबूंनी प्लॅस्टरचा पाय हातानं उचलून बाजूला घेतला, पलंगावर जागा केली आणि रजिस्टरचं कोरं पान उघडलं.

"बसा. हैदराबादचा ग्रॉस काय धरला तुम्ही?"